चौदा मीटरचा प्रश्न : आल्सासमधला एक किल्ला आणि त्याचा पुन्हा बांधलेला मनोरा

आज ज्या किल्ल्याबद्दल बोलायचं आहे तो सह्याद्रीतला नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तासभर वाट बघून तुमची निराशा व्हायची.

किल्ला आहे आल्सासमध्ये. फ्रान्सच्या पूर्व टोकाला ऱ्हाईन नदी वाहते, नदीपलीकडे जर्मनी. नदीच्या अलीकडे सपाट मैदान आणि मैदान संपलं की व्होज पर्वताची रांग. या रांगेतल्या एका पुढे आलेल्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५७ मीटर उंचीवर हा किल्ला उभा आहे. नाव ओ-कोनिग्सबूर. जर्मन लोक त्यालाच होहकोनिग्सबुर्ग म्हणतात. नाव नीट ऐका. पुढचा 'ओ' फ्रेंच, म्हणजे 'उंच'. मागचा 'कोनिग्सबूर' म्हणजे जर्मन 'राजाचा किल्ला', फक्त उच्चार फ्रेंच. एका नावात दोन भाषा आणि दोन राज्यं नांदताहेत. नांदताहेत म्हणणं जरा जास्तच झालं, भांडताहेत म्हणू.

जागा मोक्याची. वर उभं राहिलं की खाली सेलेस्ता गाव, त्यापुढे पसरलेलं मैदान, नदीपार ब्लॅक फॉरेस्टचे डोंगर आणि हवा अगदी स्वच्छ असेल तर दूर आल्प्सची शिखरं. मध्ययुगात या मैदानातून उत्तर-दक्षिण दिशेने गहू आणि दारू जायची, डोंगरातल्या खिंडीतून चांदी आणि मीठ यायचं. ज्याच्या हातात माथा त्याला हे सगळं दिसणार. किल्ल्याला टेहळणीचा मनोरा का लागतो, हे वेगळं सांगायला नको.

या किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख कशात सापडतो? तर एका तक्रारीत. हा डोंगर शार्लमेनने ७७४ साली लीएव्र इथल्या मठाला दान दिला होता आणि तो मठ पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाच्या ताब्यातला. ११४७ साली मठवासी फ्रान्सचा राजा सातवा लुई याच्याकडे गेले आणि म्हणाले, आमच्या डोंगरावर होहेनश्टाउफेन घराण्याच्या लोकांनी परस्पर किल्ला बांधलाय. होहेनश्टाउफेन म्हणजे तेव्हाचं जर्मन राजघराणं. थोडक्यात, किल्ल्याचं नाव इतिहासात शिरलं तेच मालकीच्या वादातून. पुढच्या आठशे वर्षांत त्यात फारसा फरक पडला नाही.

मधला काळ मी भराभर ओलांडतो. किल्ला हातोहात फिरला. पंधराव्या शतकात तिथे वाटमारी करणारे सरदार येऊन बसले, तेव्हा आजूबाजूच्या शहरांनी एकत्र येऊन १४६२ साली तो जाळला. १४७९ साली सम्राट तिसरा फ्रेडरिक याने तो थिअरश्टाइन घराण्याला दिला. त्यांनी तो नव्याने बांधला आणि तोफांचा मारा सोसेल असे जाड भिंतींचे बुरूज घातले. आज आपण ज्याला 'मूळ किल्ला' म्हणतो तो बहुतांशी हा. म्हणजे मूळसुद्धा दुसऱ्यांदा बांधलेलं आहे, हे डोक्यात राहू द्या. मग तीस वर्षांचं युद्ध आलं. १६३३ साली स्वीडिश सैन्याने वेढा घातला. ५२ दिवस किल्ला लढला, मग पडला, लुटला गेला, जळला. त्यानंतर कोणी बांधला नाही. छपरं गेली, भिंतींतून झाडं उगवली आणि अडीचशेहून जास्त वर्षं तो लाल वालुकाश्माचा ढिगारा जंगलात पडून राहिला.

एकोणिसाव्या शतकात युरोपला पडक्या वास्तूंचं वेड लागलं. कवी, चित्रकार, सहलीला निघालेले लोक असे सगळे अशा ठिकाणी जाऊ लागले. १८६५ साली सेलेस्ता नगराने हे अवशेष विकत घेतले. पण डोंगरमाथ्यावरचं असं भलंमोठं पडकं बांधकाम सांभाळणं एका लहान गावाच्या ऐपतीतलं नव्हतं. त्यात १८७०-७१ चं युद्ध झालं. फ्रान्स हरला आणि आल्सास जर्मन साम्राज्यात गेलं. १८९९ साली गावाने हा किल्ला सम्राट दुसरा विल्हेल्म, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला कैसर, याला भेट दिला. भेट हा शब्द राजकारणात जसा वापरतात तसाच इथेही घ्या. गावाच्या डोक्यावरचा खर्च गेला आणि सम्राटाला हवं ते मिळालं.

त्याला काय हवं होतं? पूर्वेला प्रशियात मारिएनबुर्ग नावाचा ट्यूटॉनिक सरदारांचा जुना किल्ला होता, त्याचं पुनर्बांधणीचं काम आधीपासून चालू होतं. पश्चिमेच्या टोकाला त्याच्या जोडीचा किल्ला उभा राहिला की साम्राज्याच्या दोन्ही सीमांवर दोन दगडी साक्षीदार तयार. उद्घाटनाच्या भाषणात सम्राटाने ही जोडी उघडपणे बोलून दाखवली. आल्सास जर्मन आहे, कालपासून नाही तर आठशे वर्षांपासून, हे सांगायला पडका किल्ला पुरत नाही. पडका किल्ला फक्त इतकंच सांगतो की इथे कोणीतरी होतं आणि आता नाही. सम्राटाला 'होतो आणि आहोत' म्हणणारा किल्ला पाहिजे होता.

काम मिळालं बोडो एबहार्ट या वास्तुकाराला. वय चौतीस-पस्तीस. किल्ल्यांचा गाढा अभ्यासक, जर्मन किल्ले-संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. या माणसाला थिल्लर समजू नका. त्याचे टीकाकार बऱ्याचदा ती चूक करतात. त्याने आधी ढिगारा उपसला, मोजमापं घेतली, जागोजागची छायाचित्रं काढली, जुने दस्तऐवज चाळले, त्याच काळातल्या इतर किल्ल्यांशी तुलना केली. १९०० ते १९०८ काम चाललं. खाणीतून दगड आणायला डोंगरावर छोटा लोहमार्ग टाकला, त्यावर वाफेचं इंजिन. विजेवर चालणाऱ्या याऱ्या लावल्या. मध्ययुग उभं करायला विसाव्या शतकातली सगळी यंत्रं राबत होती. आणि एक गोष्ट त्याने केली जी मला फार प्रामाणिक वाटते : नव्याने घातलेल्या दगडांवर खुणा कोरण्याची पद्धत ठेवली, म्हणजे पुढे कोणी बघेल त्याला जुनं कोणतं आणि भर कोणती हे कळावं. खर्च वीस लाख मार्कांच्या वर गेला. त्यातला मोठा हिस्सा आल्सास-लोरेनच्या तिजोरीतून आला, आणि सामान्य लोकांच्या कुरबुरीचं ते एक कारण होतं.

आता मनोऱ्याकडे येऊ. किल्ल्याच्या मधोमध मुख्य मनोरा असतो. फ्रेंचमध्ये त्याला डोंजॉन म्हणतात. इंग्रजीत त्याचाच डंजन झाला आणि अर्थ घसरत घसरत तळघरातल्या कोठडीवर आला. उंचावरचा शब्द थेट तळाला गेला, शब्दांचंही नशीब असतं. तर हा मनोरा १८९९ साली जवळजवळ नव्हताच. खालचा भाग होता, वरचा पडून गेलेला. एबहार्टने तो चौकोनी बांधला, उंच बांधला, त्यावर उतरतं छप्पर घातलं आणि टोकाला गरुड बसवला. आज मैदानातून किल्ल्याची जी आकृती दिसते, जी प्रत्येक पोस्टकार्डावर आहे, ती या मनोऱ्यामुळे.

वाद पेटला तो इथे. ओटो पिपर नावाचा दुसरा मोठा किल्ले-अभ्यासक एबहार्टच्या विरोधात उभा राहिला. विरोधकांचा पहिला आक्षेप आकाराचा : मनोरा चौकोनी कशावरून, गोल नसेल कशावरून? दुसरा उंचीचा : इतका उंच कशावरून? यातल्या पहिल्या प्रश्नावर पुढच्या संशोधनाने एबहार्टच्या बाजूने कौल दिला, पाया चौकोनीच होता. दुसऱ्या प्रश्नावर मात्र कौल उलटा गेला. आज सर्वसाधारण मत असं आहे की मनोरा मूळच्यापेक्षा सुमारे १४ मीटर जास्त उंच झालाय. चौदा मीटर म्हणजे चार-पाच मजले.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे या चौदा मीटरमध्ये मला इतिहासापेक्षा प्रमाणशास्त्र जास्त दिसतं. आपल्याकडे मीमांसकांनी अर्थापत्ती नावाचं एक स्वतंत्र प्रमाण मानलंय. त्याचं ठरलेलं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. देवदत्त लठ्ठ आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही, हेही पक्कं माहीत आहे. या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत, म्हणून मानावं लागतं की तो रात्री जेवत असणार. रात्री जेवताना त्याला कोणी पाहिलेलं नाही, पण मानल्याशिवाय गत्यंतर नाही. पडक्या वास्तूचा अभ्यासक नेमकं हेच करतो. पाया इतका रुंद आहे, भिंत इतकी जाड आहे, जिन्याची सुरुवात इथे आहे. वर काही नव्हतं असं धरलं तर याचा अर्थच लागत नाही. म्हणून वर मनोरा होता. चौकोनी पायावर चौकोनी मनोरा होता. इथपर्यंत अर्थापत्ती खणखणीत आहे, नाणं वाजवून घ्यावं तशी.

पण देवदत्त रात्री काय जेवतो? पुरणपोळी की भाकरी? वाजता किती? ते अर्थापत्ती सांगत नाही. सांगू शकत नाही. त्याच्या लठ्ठपणाचा उलगडा भाकरीनेही होतो आणि पुरणपोळीनेही. एबहार्टच्या मनोऱ्याचा खालचा भाग पाहिलेला आहे, मधला भाग मानावाच लागणारा आहे आणि वरचे चौदा मीटर ही पुरणपोळी आहे. अडचण अशी की दगडात बांधलं की तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. पुस्तकात 'असावा', 'बहुधा', 'असे वाटते' अशी क्रियापदं घालता येतात. मराठीला तर या बाबतीत काही कमी नाही : 'असेल', 'असावा', 'असणार', तिन्हींच्या खात्रीत फरक आहे. दगडाला एकच क्रियापद येतं, 'आहे'. खुणा कोरल्या होत्या, मान्य, पण मैदानातून बघणाऱ्याला खुणा दिसत नाहीत, मनोरा दिसतो.

हा वाद एका किल्ल्यापुरता नव्हता. एकोणिसाव्या शतकभर युरोपात तो धुमसत होता. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८४९ सालीच म्हटलं होतं की जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार म्हणजे खोटेपणा. मेलेल्या माणसाला जसं उठवता येत नाही तसंच जुन्या कारागिराचा हात परत आणता येत नाही. उलट फ्रान्सचा वास्तुकार व्हिओले-ल-द्यूक याची भूमिका अशी की जीर्णोद्धार म्हणजे वास्तूला तिच्या पूर्णावस्थेत आणणं, मग ती तशी पूर्वी कधी नसली तरी चालेल. यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. त्याने तिसऱ्या नेपोलियनसाठी पिएरफाँचा पडका किल्ला असाच बांधून काढला होता. तो नेपोलियन १८७० साली युद्ध हरला, गादी गेली, आणि आल्सास जर्मनांकडे गेलं ते त्याच युद्धात. म्हणजे एका सम्राटाने हौसेने किल्ला बांधला, तो हरला आणि त्याच्याकडून जिंकलेल्या भूमीवर दुसऱ्या सम्राटाने हौसेने किल्ला बांधला.

आपला 'जीर्णोद्धार' हा शब्द या वादात थोडी गंमत करतो. आपल्याकडे तो मुळात देवळांसाठीचा आहे. देऊळ चालतं असतं, पूजा चालू असते, मूर्ती खंडित राहून चालत नाही. तिथे जीर्ण झालेलं नवं करणं हे कर्तव्यच. त्यामुळे या शब्दाला पुण्याचा वास आहे. पण ज्या वास्तूचा वापर संपलाय, जिचं आता काम एवढंच की काय घडलं ते सांगणं, तिचा 'उद्धार' करायचा म्हणजे काय? युरोपियन लोक जिथे एका शब्दावरून भांडले तिथे आपण दोन वेगळ्या कामांना एकच शब्द लावून मोकळे होतो.

आता या सगळ्या प्रकरणातला मला सर्वात आवडणारा प्रसंग. किल्ल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर स्ट्रासबुर्ग. तिथलं विद्यापीठ तेव्हा जर्मन साम्राज्याचं, नावही सम्राटांच्या घराण्याचं. गेऑर्ग देहिओ तिथे कलेतिहासाचा प्राध्यापक. २७ जानेवारी हा सम्राटाचा वाढदिवस, त्या दिवशी विद्यापीठात औपचारिक व्याख्यान व्हायचं. १९०५ साली ते व्याख्यान देहिओने दिलं. विषय निवडला एकोणिसाव्या शतकातलं वास्तुजतन. आणि सांगितलं काय? की स्मारकांचं जतन करा, पुनर्निर्मिती करू नका. जे उरलंय ते टिकवणं हे अभ्यासकाचं काम, जे गेलंय ते कल्पनेने भरणं नव्हे. सम्राटाचा वाढदिवस, सम्राटाचं विद्यापीठ, आणि त्याच वेळी पन्नास किलोमीटरवर सम्राटाच्या किल्ल्यावर याऱ्या फिरताहेत. टाळ्या कशा पडल्या असतील, कल्पना करा. देहिओ काही बंडखोर नव्हता, कडवा राष्ट्रवादीच होता. स्मारकं जपायची कारण ती आपल्या राष्ट्राचा अंश आहेत, असं त्याचं म्हणणं. पण विद्येच्या शिस्तीचा प्रश्न आला तिथे त्याने वाढदिवस बघितला नाही. याच देहिओने १९०१ साली हायडेलबर्गच्या पडक्या राजवाड्याच्या पुनर्बांधणीविरुद्ध पत्रक काढलं होतं. हायडेलबर्गला तो पक्ष जिंकला, तिथली ओटहाइनरिख इमारत आजही बिनछपराची आहे. आल्सासमध्ये जिंकण्याची शक्यताच नव्हती.

व्हिएन्नाच्या आलोइस रीगलने देहिओला त्याच वर्षी उत्तर दिलं. त्याला निष्कर्ष मान्य होता, कारण मान्य नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच, १९०३ साली, त्याने स्मारकांच्या मूल्यांवर एक निबंध लिहिला होता. त्यातला 'वार्धक्यमूल्य' हा विचार मला अजून पुरून उरतो. रीगल म्हणतो, पडकी भिंत बघून माणूस थांबतो ते ती जर्मन आहे की फ्रेंच म्हणून नव्हे. ती जुनी आहे हे नुसत्या डोळ्यांना कळतं, त्याला इतिहासाचं पुस्तक वाचावं लागत नाही. झिजलेल्या पायरीवर शेतकरी आणि प्राध्यापक सारखेच थबकतात. पण मग रीगलला स्वतःच अडचण दिसते : झीज हेच मूल्य असेल तर डागडुजी तरी का करायची? पडू द्या. तेही त्याला जमत नाही. त्याने प्रश्न सोडवला नाही, मांडून ठेवला, आणि त्याच वर्षी तो गेला.

१३ मे १९०८. उद्घाटनाचा दिवस. सम्राट आला, सोळाव्या शतकातल्या वेशभूषेत मिरवणूक निघाली आणि पाऊस कोसळला. मखमली टोप्या भिजलेल्या, पिसं चिकटलेली, वर छत्र्या. कोलमारचा चित्रकार हान्सी याला आणखी काय पाहिजे होतं! त्याने क्नात्शके नावाच्या एका काल्पनिक जर्मन प्राध्यापकाच्या नावाने या समारंभावर विनोदी पुस्तिकाच काढली. प्राध्यापक अगदी विद्वान, शब्दबंबाळ आणि स्वतःवर खूश. वाचताना आम्हा मंडळींना जरा अवघडल्यासारखं होतं, पण हसू येतंच. पुढे १९१४ साली अशाच लेखन-चित्रांवरून लाइपझिगच्या न्यायालयाने हान्सीला एक वर्षाची शिक्षा ठोठावली. तो निसटून फ्रान्सला गेला.

दहा वर्षांत सगळं उलटलं. किल्ल्यातल्या कैसरच्या दालनात शेकोटीपुढे एक लोखंडी जाळी आहे, त्यावर जर्मन अक्षरं आहेत : 'मला हे नको होतं.' युद्धाबद्दलचं सम्राटाचं हे वाक्य. ती जाळी बसते ना बसते तोच सम्राटाची गादी गेली. आल्सास फ्रान्सला परत मिळालं, १९१९ साली किल्ला फ्रेंच सरकारचा झाला. देहिओलाही स्ट्रासबुर्ग सोडावं लागलं. त्याच्या मताशी त्या कारवाईचा काही संबंध नव्हता, जर्मन असणं पुरेसं होतं.

फ्रेंचांनी हा किल्ला पाडला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. कैसरचं इतकं उघड चिन्ह, डोंगरावर, सगळ्या मैदानातून दिसणारं. तरी ठेवलं. १९३७ साली ज्याँ रेन्वारने 'ला ग्राँद इल्युझियाँ' हा चित्रपट केला, पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच कैद्यांचा. त्यातला जर्मन तुरुंग-किल्ला म्हणजे हाच. फ्रेंच दिग्दर्शकाला अस्सल जर्मन मध्ययुगीन दुर्ग पाहिजे होता आणि त्याला सापडला तो जेमतेम तीस वर्षं जुना. रेन्वारने त्याला खोटं म्हणून वापरलं नाही. चित्रपटापुरता तो पूर्ण खरा होता.

आणि इथे माझा मुद्दा थोडा वळतो. १९९३ साली फ्रान्सने या किल्ल्याच्या ऐतिहासिक स्मारकाच्या दर्जात भर घातली. जुने अवशेष १८६२ सालापासूनच यादीत होते. आता सगळा किल्ला आला, एबहार्टचं कामही त्यात. म्हणजे ते चौदा मीटरही संरक्षित झाले. मनोरा पंधराव्या शतकाबद्दल जे सांगतो ते अर्धवट चुकीचं आहे, पण १९०० ते १९०८ बद्दल जे सांगतो ते शंभर टक्के खरं आहे. तो कैसरच्या मनाचा अस्सल दस्तऐवज आहे. पुराव्याचं असंच असतं : तो कशाचा पुरावा म्हणून विचारलं जातंय त्यावर त्याचं खरेखोटेपण ठरतं. खोटी सनदसुद्धा ती बनवणाऱ्याबद्दल खरीच माहिती देते. आपल्याकडच्या दप्तरखान्यांत काम केलेल्या कोणालाही हे सांगावं लागणार नाही.

मग एबहार्टने बरोबर केलं का? माझं मत विचाराल तर नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेत अभ्यासकांनी एक नियम लिहिला, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. तो नियम मला पटतो. किल्ल्याची १६३३ ची जखम हाही इतिहासच होता. ५२ दिवसांचा वेढा, आग, त्यानंतरची अडीच शतकं, हे सगळं त्या ढिगाऱ्यात वाचता येत होतं. एबहार्टने एक काळ वाचवताना दुसरा पुसला. जे पुसलं ते आता त्याच्याच छायाचित्रांत उरलंय. त्या छायाचित्रांबद्दल मात्र त्याचे आभार मानायला हवेत, बहुतेक पुसणारे एवढंही ठेवत नाहीत.

किल्ल्याला दरवर्षी पाच लाखांच्या आसपास लोक भेट देतात. त्याच डोंगरधारेवर, काहीशे मीटर पश्चिमेला, आणखी एक किल्ला आहे, पेती-कोनिग्सबूर, धाकटा. तेराव्या शतकातला, कोणी सम्राट त्याच्या वाट्याला आला नाही. भिंती उभ्या आहेत, आत झाडं आहेत, वर छप्पर नाही. तिथे फारसं कोणी जात नाही. तुम्ही गेलात तर दोन्ही बघा, आणि आधी धाकटा बघा, मग थोरला. उलट क्रमाने गेलात तर धाकटा 'अजून दुरुस्त न झालेला' वाटतो, आणि त्याच्यावर तो अन्याय आहे.

एक शेवटची गोष्ट सांगतो, मग प्रश्न घेऊ. वालुकाश्म झिजतो. एबहार्टच्या कामालाही आता शंभरहून जास्त वर्षं झाली, त्यालाही डागडुजी लागते. २००७ पासून किल्ला स्थानिक प्रशासनाकडे आहे, ते हे काम पाहतात. समजा, मनोऱ्याच्या वरच्या चौदा मीटरमधला एक दगड उद्या झिजून पडला. नवा दगड कशाबरहुकूम घडवायचा? पंधराव्या शतकात तो दगड नव्हताच. तेव्हा तो १९०८ प्रमाणे घडवावा लागणार, एबहार्टच्या नकाशावरून, त्याच खाणीसारख्या लाल दगडातून, आणि त्यावर आजची खूण कोरून. नैयायिकांच्या मते कापडातला एक धागा काढला तरी जुनं कापड नष्ट होऊन नवं 'खंडपट' जन्माला येतं. त्यांना त्या परातीवर चढवून हा दगड दाखवायला हवा.

बोला, कोणाचा प्रश्न आहे?